वाचकांचे प्रश्न : निदानाविषयी शंका आणि दुसरे मत

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे वय 29 वर्षे आहे. चार वर्षांपूर्वी तो दिवसदिवस अंथरुणात पडून राहू लागला, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून औषधे सुरू केली. तो सावरतो, काही महिन्यांनी पुन्हा खचतो आणि मग डोस वाढतो किंवा गोळी बदलते, असे आतापर्यंत तीनदा झाले आहे. गेल्या वेळी गोळी बदलल्यावर दोनेक आठवड्यांनी तो रात्री जेमतेम तीन तास झोपूनही ताजातवाना दिसू लागला. तो सारखा बोलत असे, सगळी बचत काढून त्याने एका ओळखीच्या माणसाच्या धंद्यात घातली आणि कोणी काही विचारले की तो अंगावर धावून येई. तरीही घरात सगळ्यांना वाटले की औषध लागू पडले. महिन्याभरात तो पुन्हा कोसळला. डॉक्टर आपुलकीने वागतात, पण निदानच चुकले असेल का, ही शंका जात नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे होईल का? आणि तोपर्यंत औषधे थांबवावीत का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. औषधे स्वतःहून थांबवू नका. नैराश्यावरील काही औषधे, विशेषतः पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन, एकदम बंद केल्यास चक्कर येते, झोप उडते आणि अंगातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते. झोपेच्या वा चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन अचानक सोडल्यास फिटही येऊ शकते. शिवाय अशा अवस्थेत रुग्णाला पाहणाऱ्या नव्या डॉक्टरांना मूळ आजार कोणता आणि औषध तुटल्याचा त्रास कोणता, हे ओळखणे फार अवघड जाते. मात्र झोप न लागता उत्साह चढत चालल्याचे पुन्हा दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सध्याच्या डॉक्टरांना कळवा, कारण तेव्हा औषधात तातडीने बदल करावा लागण्याची शक्यता असते. आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार तो बोलून दाखवू लागला, तर दुसऱ्या मताचा विषय बाजूला ठेवून त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या व एकटे सोडू नका.

पत्रावरून निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही. परंतु ‘औषध लागू पडले असे वाटले’ हे जे तुम्ही जाताजाता लिहिले आहे, तो तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ते दिवस सध्याच्या डॉक्टरांना कोणी सांगितले होते का? बहुतेक घरांत ते सांगितले जात नाही, आणि त्यामागे कोणाचा निष्काळजीपणा नसतो. माणूस खचलेला असतो तेव्हाच भेटीची वेळ घेतली जाते. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच इतके छान वाटते आहे, त्याला डॉक्टरांकडे जाण्याचे कारणच नसते. त्यामुळे डॉक्टरांसमोर आजाराची एकच बाजू येत राहते. बायपोलर विकारात खचलेपणाचे आणि अति उत्साहाचे काळ आलटूनपालटून येतात, आणि त्यातील उदासीनता वरवर पाहता साध्या नैराश्यासारखीच दिसते. फरक कळतो तो मधल्या चढत्या काळावरून. हा काळ कमी तीव्रतेचा असेल तर सलग किमान चार दिवस आणि तीव्र असेल तर किमान एक आठवडा टिकावा लागतो, असे निकष सांगतात. काही जणांमध्ये नैराश्यावरील औषधच या चढाला निमित्त ठरते, म्हणून गोळी कधी बदलली आणि झोप कधी उडाली, या दोन तारखा शेजारीशेजारी मांडून पाहणे फार उपयोगाचे असते.

अमेरिकेत 2000 साली बायपोलर रुग्णांच्या एका संघटनेच्या सदस्यांची पाहणी झाली. त्यातील 69 टक्के लोकांना आधी वेगळेच निदान मिळाले होते, बहुतेकदा नैराश्याचे, आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांना योग्य निदानासाठी दहा वर्षे किंवा त्याहून जास्त वाट पाहावी लागली होती. हे संघटनेच्या सदस्यांचे अनुभव असल्यामुळे तो आकडा सर्व रुग्णांना जसाच्या तसा लावू नये. उलट दिशेची चूकही तितकीच खरी आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला बायपोलर असल्याचे पूर्वी सांगण्यात आले होते असे म्हणणाऱ्या 145 जणांची पद्धतशीर मुलाखत घेतली, तेव्हा निम्म्याहून कमी जणांमध्ये ते निदान टिकले. एकाच दिवसात चारदा मूड बदलणे किंवा पटकन राग येणे म्हणजे बायपोलर नव्हे. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना एक निदान नाकारून दुसरे मनात पक्के करून जाऊ नका.

उपचाराला यश न येणे म्हणजे निदान चुकणे, असेही नाही. नैराश्याच्या चार हजारांहून अधिक रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणे जवळजवळ पूर्ण गेलेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. म्हणजे पहिले औषध अपुरे पडणे हा अपवाद नव्हे. परंतु तीन वेळा पुनरावृत्ती आणि मध्ये असा चढता काळ, एवढे कारण दुसरे मत घेण्यास माझ्या दृष्टीने पुरेसे आहे.

यात अविश्वास नाही. मनाच्या आजारांत रक्ताची तपासणी किंवा स्कॅन करून निदान पक्के करता येत नाही. ते रुग्णाच्या आणि घरच्यांच्या सांगण्यावर, डॉक्टरांच्या निरीक्षणावर आणि जाणाऱ्या काळावर उभे असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली निदानाचे नवे निकष प्रसिद्ध केले. त्यापूर्वी घेतलेल्या चाचण्यांत एकाच रुग्णाची दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मुलाखत घेतली आणि त्यांचे एकमत किती होते, हे मोजले. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग आणि एक म्हणजे पूर्ण एकमत, अशा मापावर आघातोत्तर तणाव विकाराला 0.67 गुण मिळाले, तर तीव्र नैराश्याला अवघे 0.28. नैराश्य हा आजार खरा नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. परंतु अनुभवी आणि प्रामाणिक डॉक्टरांमध्येही मतभेद होणे स्वाभाविक आहे, एवढे यातून दिसते, आणि बहुतेक डॉक्टर ते जाणून असतात. त्यांना सरळ सांगा, ‘डॉक्टर, अपेक्षेइतकी सुधारणा दिसत नाही, म्हणून एकदा दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे असे वाटते. आतापर्यंतच्या उपचारांचा सारांश लिहून द्याल का?’ कित्येकदा या बोलण्यातूनच ते स्वतः सगळी फाइल नव्याने वाचतात, आणि तेही एक प्रकारचे दुसरे मतच असते.

नव्या डॉक्टरांकडे नेण्यासाठी एका वहीत चार वर्षांचा क्रम लिहून काढा : कोणते औषध, किती डोस, कधीपासून कधीपर्यंत आणि त्या काळात झोप, बोलणे, खर्च व कामाचा उरक कसा होता. आई-वडिलांच्या बाजूला कोणाला असे चढ-उतार, आत्महत्या किंवा दीर्घ मानसिक आजार होता का, हे वडीलधाऱ्यांना विचारा. मद्य वा इतर नशा असेल तर तीही लपवू नका. पहिले निदान मुद्दाम दडवून नव्या डॉक्टरांची परीक्षा घ्यावी, असा सल्ला काही जण देतात. तो मला मान्य नाही. फक्त आधी घटना सांगा आणि निदानाचे नाव शेवटी सांगा, म्हणजे त्या नावाचा चष्मा लावून हकिगत ऐकली जाणार नाही. भाऊ सज्ञान आहे, त्यामुळे हे सारे त्याच्या संमतीने करा. त्याला न सांगता त्याची वही बनवलीत, तर उपचारांवरचाच त्याचा विश्वास उडेल.

शरीराच्या तपासण्या यापूर्वी झाल्या नसतील, तर त्याही करून घ्या. थायरॉइड मंदावल्यास माणूस थकलेला आणि उदास दिसतो, तर ते जास्त काम करू लागल्यास अस्वस्थ, निद्रानाशी आणि चिडखोर होतो. बी-12 ची कमतरता आणि स्टिरॉइडसारखी औषधेही मनःस्थिती बिघडवतात. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी 1949 साली थायरॉइडच्या आजारामुळे मनोविकार झालेल्या 14 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. इतकी जुनी ही गोष्ट असूनही एक साधी रक्ततपासणी आजही राहून जाते.

प्रश्न : माझे वय 41 आहे. सहा वर्षांत तीन डॉक्टरांनी मला नैराश्य, चिंताविकार आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार अशी तीन निदाने सांगितली. आता चौथ्या डॉक्टरांकडे जावे का? खरे कोणाचे मानायचे?

उत्तर : तिन्ही मते परस्परविरोधी असतीलच असे नाही. नैराश्य आणि चिंता अनेकदा एकाच माणसात एकत्र नांदतात आणि दोन्हींची अनेक औषधेही एकच असतात, त्यामुळे त्या दोन नावांमुळे तुमच्या उपचारांत कदाचित फारसा फरक पडला नसेल. तिसऱ्या निदानाबद्दल, म्हणजे ज्यात भावना आणि नाती सतत अस्थिर व टोकाची राहतात त्या बॉर्डरलाइन विकाराबद्दल, मात्र चौकशी अवश्य करा. व्यक्तिमत्त्व विकाराचे चित्र किशोरवयापासून किंवा तरुणपणापासून, नात्यांत आणि कामात सातत्याने दिसावे लागते. तीव्र उदासीनतेच्या किंवा मोठ्या आघाताच्या दिवसांत एखाद्या भेटीत दिसलेल्या वागण्यावरून ते ठरवू नये. हे नाव एकदा फाइलवर चढले की पुढे रुग्णाच्या प्रत्येक तक्रारीकडे त्याच नजरेने पाहिले जाण्याचा धोका असतो, आणि हा अन्याय मी पाहिला आहे. दुसरीकडे, निदान खरे असेल तर त्यावर डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीसारखे (भावना आवरण्याची आणि नाती सांभाळण्याची कौशल्ये शिकवणारी मानसोपचार पद्धत) परिणामकारक उपचार आहेत, त्यामुळे ते केवळ ऐकायला कठोर वाटते म्हणून झटकून टाकणेही तुमच्या हिताचे नाही.

म्हणून चौथे नाव शोधत निघण्यापूर्वी, तिघांपैकी ज्यांच्याशी तुम्हाला मोकळेपणाने बोलता येते त्यांच्याकडे तिन्ही डॉक्टरांचे कागद घेऊन जा आणि विचारा की, माझ्या बाबतीत कोणत्या गोष्टी या निदानाच्या बाजूने आहेत, कोणत्या त्यात बसत नाहीत आणि पुढच्या सहा महिन्यांत काय दिसले तर तुम्ही मत बदलाल. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर चौथ्या डॉक्टरांकडे जरूर जा, परंतु पुरेसा वेळ देऊन संपूर्ण इतिहास ऐकणाऱ्याकडे जा. दहा मिनिटांच्या भेटीत सांगितलेले चौथे नाव तुमच्या गोंधळात भरच घालेल. इंटरनेटवरील प्रश्नावलीचे गुण पुरावा म्हणून नेऊ नका, कारण त्या प्रश्नावल्या पुढील तपासणीची गरज आहे का एवढेच सुचवतात. मत कितीही जणांचे घेतलेत, तरी औषधे लिहून देणारे डॉक्टर एका वेळी एकच असू द्या आणि इतरांचे अहवाल त्यांच्या हाती पोहोचतील अशी व्यवस्था करा.