दुखण्याच्या घरात हसू आलं तर...

प्रश्न: ताई, सलाम. आम्ही नागपूरला मोहननगरात राहतो. मिस्टरांचं दिवाळीपासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. पाणी मोजून प्यायचं, दिवसभरात पाऊण लिटर, अन् आमच्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. मागच्या शुक्रवारी घरी प्रार्थनासभा होती. एक काका डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करत होते की प्रभो, तुझ्या या लेकराच्या अंतःकरणातून जिवंत पाण्याच्या नद्या वाहू दे, तर मिस्टर हळूच म्हणाले, "नद्या नको जी काका, डॉक्टरनं पाऊण लिटरच सांगतलं." मला इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, मग ते हसले, पोरं हसली. सभा झाल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, ही देवाची थट्टा आहे, अशानं घरात बरं कसं होणार. तेव्हापासून मन खातंय. आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर कोणी ना कोणी "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" पाठवतं, ते वाचून तर रडूच येतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: ताई, सलाम. पत्र वाचताना मी मोठ्यानं हसले आणि पुढच्याच ओळीला डोळे भरून आले. आधी ती भीती मनातून काढा. तुमच्या हसण्यानं त्यांचं दुखणं वाढलं नाही आणि वाढणारही नाही, देव असा हिशोब ठेवत नाही.

बायबलातली सारा आठवते ना? नव्वदीची बाई, तंबूच्या दाराआड उभी राहून आपल्याला मूल होणार हे ऐकते आणि मनातल्या मनात हसते, वर मी हसलेच नाही म्हणते, आणि देव म्हणतो, नाही, तू हसलीसच. तिचं हसू तर अविश्वासाचं होतं, तुमचं तसंही नव्हतं, तरी त्या बाळाचं नाव इसहाक ठेवलं गेलं, म्हणजे "तो हसतो". म्हातारपणी त्या घरात रोज हाक मारायची तीच झाली.

आणि प्रार्थनासभेत गंमत होणं हे तर प्रेषितांच्या कृत्यांत, बाराव्या अध्यायात लिहून ठेवलंय. दिवस किती वाईट होते बघा, हेरोदानं याकोबाला तलवारीनं मारलेलं, येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, आणि मंडळी एका घरात जमून रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करतेय. तेवढ्यात सुटलेला पेत्र दार ठोठावतो, रुदा नावाची पोरगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते सांगायला! आतले म्हणतात, वेडी झालीस का. ज्याच्यासाठी प्रार्थना चाललीय तो बाहेर उभा राहून दार वाजवतोय आणि यांना पटत नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं हे झाकून ठेवलं नाही, मला तो त्यासाठी फार आवडतो.

आता त्या व्हॉट्सॲपच्या वचनाबद्दल. "आनंद करा" हे पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलं तेव्हा तो स्वतः कैदेत होता. म्हणजे बेड्यांतला माणूस बाहेरच्यांना धीर देत होता. आपल्याकडे उलटं झालंय, बाहेरचे सुखरूप लोक आतल्याला आनंद करायला सांगतात, म्हणून तुम्हाला रडू येतं, त्यात विश्वास कमी पडण्याचा प्रश्नच नाही. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेण्यासारखं आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. त्यामुळे मेसेज पाठवणाऱ्यांना सरळ विचारा, शनिवारी चार तास यांच्याजवळ बसायला येता का, मला जरा झोप मिळेल. जे येतील त्यांचं वचन मनाला लागेल.

आपल्या मराठी घरातलं सांगायचं तर लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांना नवा करार मिळाला तो तुमच्या नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, 1893 मध्ये. 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचं जग उलटंपालटं झालं, पाच वर्षांनी 1900 साली त्यांनी स्वतः घेतला. मधल्या वर्षांत त्यांनी किती सोसलं ते त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचलेल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी त्या पानापानावर हसवतात, आणि रडणं कुठे लपवत नाहीत.

एवढं मात्र जपा की तो विनोद मिस्टरांचा आहे, दुखणं त्यांचं म्हणून त्यावर हसायचा हक्कही आधी त्यांचा. ज्या दिवशी ते डायलिसिसहून गळून येतील, पाय दुखतायत, बोलायचं नाही, त्या दिवशी त्यांच्याकडून गमतीची अपेक्षा नको आणि पोरांनाही तसं सांगा. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडलाच. आणि ते सलग बरेच दिवस गप्प गप्प राहिले, झोप नाही, खाणं नकोसं झालं, तर युनिटमधल्या डॉक्टरांना नक्की सांगा, त्यावरही इलाज असतो.

त्या बाईंवर राग धरू नका, दुखणं पाहून घाबरलेला माणूस असं बोलून जातो. त्यांना एकटीला चहाला बोलवा आणि दिवाळीपासूनचं सगळं सांगा, मशीन, चार तास, मोजलेलं पाणी, सगळं. काकांना मात्र मिस्टरांनी स्वतः फोन करावा, की काका, राग नका धरू, शुक्रवारी या आणि नद्यांची प्रार्थना परत करा. ते आले की त्यांना चहा द्या, मिस्टरांना एक बर्फाचा खडा, तोही मोजून.