केबल बंद करून सिनेमांसाठी कोणती ॲप घ्यावीत?

तुम्ही विचारलंय की घरी तुम्ही दोघं आणि आई-वडील, केबलचं बिल महिन्याला साडेचारशे, फायबरचं नेट आधीपासून आहे आणि मुख्य आवड सिनेमांची. केबल काढून तेवढ्याच पैशांत कोणती ॲप घेतली तर पैसे सार्थकी लागतील?

आमच्या घरीही जवळपास हीच परिस्थिती होती. चिंचवडला आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. केबल बंद करून आता तीन वर्षं होतील. त्या अनुभवावरून सांगते: कायमचं एकच ॲप ठेवा आणि ते सिनेमांवरून नाही, घरातल्या मालिकांवरून ठरवा. सिनेमांसाठी दुसरं एक घ्या, पण ते महिन्या-महिन्याने बदलत राहा. तीन-चार ॲप एकाच वेळी चालू ठेवण्याची गरज सिनेमावेड्या घरालाही पडत नाही.

ॲपची नावं काढण्याआधी पंधरा दिवस घरात खरोखर काय बघितलं जातं ते लिहून ठेवा. आम्ही वेगळी वही केली नाही. कालनिर्णयावर तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच्याच खाली लिहीत गेलो. पंधरा दिवसांनी पान समोर ठेवलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सासूबाईंच्या दोन मालिका रोज, रात्रीच्या बातम्या अर्धा तास, क्रिकेटचे दोन सामने आणि पाच सिनेमे. त्या पाचांतले तीन मराठी होते, आणि दोन आधी पाहिलेलेच होते. सेट टॉप बॉक्सवर शेकडो चॅनेल येत होते, आम्ही बघत होतो सात.

त्याच वेळी केबलचं बिलही नीट वाचा. २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी पद्धत लागू झाली, तेव्हापासून बिलात दोन भाग असतात. एक नेटवर्कचं भाडं आणि दुसरा पे, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायच्या, चॅनेलचे पैसे. भाड्यावर आधी १३० रुपयांची मर्यादा होती, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ती मर्यादा ट्रायने काढली आणि दर ठरवणं कंपन्यांवर सोडलं. तुमच्या साडेचारशेपैकी भाडं किती आणि चॅनेलचे पैसे किती, ते विचारून घ्या. आई-वडील तीन-चारच चॅनेल बघत असतील तर केबलवाल्याने लावलेला मोठा पॅक काढून तेवढेच सुटे घेतले तरी बिल उतरतं. काही घरांना एवढं पुरतं, आणि तसं असेल तर ॲपच्या मागे लागूच नका.

आता मालिका. इथे निवड जवळजवळ आपोआप होते, कारण प्रत्येक वाहिनीचं ॲप ठरलेलं आहे. झी मराठी आणि झी युवा बघायचं तर झी फाइव्ह. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र झाल्यापासून या दोन वाहिन्यांसाठी दोन ॲप लागत नाहीत. सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह, सन मराठीसाठी सन नेक्स्ट. घरात दोन वाहिन्यांच्या मालिका असतील तर आईंना सरळ विचारा की एकच ठेवायची झाली तर कोणती. आमच्या घरी हे विचारायला मी संकोचत होते. सासूबाईंनी क्षणात उत्तर दिलं आणि दुसरी मालिका ‘ओढून ताणून चाललीये’ म्हणून स्वतःच सोडली. मालिकेचं ॲप घेतलं की त्याच गटाच्या सिनेमांचा साठाही मिळतो. झी फाइव्हवर मराठी सिनेमे बरेच आहेत, त्यामुळे तुमच्या आई-वडिलांची अर्धी भूक तिथेच भागेल.

सिनेमांच्या ॲपसाठी मी एक परीक्षा लावते. घरातल्या प्रत्येकाने पाहायचे राहिलेले पाच सिनेमे सांगायचे. नवे, जुने, कुठल्याही भाषेतले. ती वीस नावं जस्टवॉच या संकेतस्थळावर एकेक करून टाका. कोणता सिनेमा भारतात आत्ता कोणत्या ॲपवर आहे, भाड्याने मिळतो की वर्गणीत, हे तिथे कळतं. ज्या ॲपवर सगळ्यात जास्त नावं सापडतील ते पहिल्या महिन्यासाठी घ्या, महिनाभर मनसोक्त बघा, बंद करा आणि पुढचं घ्या. मोठमोठ्या जाहिराती ज्या सिनेमाच्या येतात तो एकदा बघून संपतो. पैसे वसूल होतात ते मागे किती जुना साठा आहे त्यावर.

वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण सिनेमांच्या ॲपसाठी ती घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. बाहेरून घेतलेले सिनेमे ॲपकडे ठरावीक मुदतीच्या करारावर असतात आणि मुदत संपली की ते निघून जातात. आम्ही एका ॲपची वर्षाची वर्गणी काही निवडक जुन्या सिनेमांसाठी भरली होती. तिसऱ्या महिन्यात त्यातले बहुतेक सिनेमे गायब झाले, आणि राहिलेले नऊ महिने ते ॲप कोणी फारसं उघडलं नाही. वर्षाची वर्गणी मालिकेच्या ॲपची घ्या. ते रोज उघडलं जाणारच आहे.

आणखी एक गोष्ट बघा. पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या, असं आता राहिलेलं नाही. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून भारतातही जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वरून वेगळे पैसे पडतात. जिओहॉटस्टारच्या स्वस्त प्लॅनमध्येही जाहिराती असतात. केबलवरच्या जाहिरातींना तुम्ही कंटाळला असाल, तर प्लॅन निवडताना ही ओळ आधी शोधा. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले, तेव्हा मोबाइलचा प्लॅन १४९ आणि बेसिक १९९ रुपयांना झाला. त्यातला १४९ चा फोन आणि टॅबवरच चालतो, टीव्हीवर नाही. टीव्हीसाठी किमान बेसिक लागतो आणि त्यात एका वेळी एकाच पडद्यावर बघता येतं. दर पुढेमागे होत असतात, म्हणून घ्यायच्या दिवशी बघून घ्या, पण मोबाइल आणि टीव्ही हा फरक प्रत्येक ॲपमध्ये तपासा. फायबरच्या प्लॅनसोबत काही ॲप फुकट मिळत असतील तर तीही टीव्हीवर चालणारी आहेत का ते पाहा. तुमच्या नेटवाल्याला आधी हाच फोन करा, कदाचित एखाद्या ॲपचे पैसे तुम्ही आत्ताच भरत असाल.

मराठी सिनेमांबद्दल मनापासून लिहायचं आहे, कारण केबल सोडताना मला भीती याचीच होती. नवा मराठी सिनेमा थिएटरमधून उतरला की लगेच ॲपवर येईल, हे गृहीत धरू नका. कितीतरी सिनेमे खूप उशिरा येतात आणि काही कुठेच येत नाहीत. म्हणून जो आवडेल असं वाटतं तो थिएटरला जाऊन बघा. चार ॲपचे पैसे वाचवून महिन्याला एक मराठी सिनेमा तिकीट काढून बघितला, तर तो खर्च मला जास्त पटतो. जुन्या सिनेमांसाठी मात्र यूट्यूब मोठा आधार आहे. राजश्री मराठीसारख्या कंपन्यांच्या अधिकृत चॅनेलवर पूर्ण सिनेमे मोफत असतात. अल्ट्रा झकास हे फक्त मराठीचं ॲपही आहे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. दूरदर्शनचं जुनं आवडणाऱ्या वडिलांसाठी ते फोनवर घेऊन ठेवा.

आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातले सिनेमे नेटवर उघडपणे सापडतात, फक्त प्रत चांगली मिळायला हवी. सासूबाईंना अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ पुन्हा बघायचा होता. मोफत सापडलेल्या चार प्रती मी उघडून पाहिल्या. एकीत कडा कापलेल्या, एकीत आवाज ओठांच्या मागे, एकीवर मधोमध कुणाचा तरी शिक्का. चौथी बरी निघाली. आईच्या भूमिकेतल्या वनमालाबाई पडद्यावर आल्या तशा सासूबाई चष्मा पुसून खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. केबलच्या इतक्या वर्षांत तो सिनेमा आमच्या घरी एकदाही लागलेला मला आठवत नाही. असा एक सिनेमा तुमच्या आई-वडिलांच्याही मनात असेल. पहिल्या आठवड्यात तो शोधून लावा, नव्या पद्धतीबद्दलची त्यांची नाराजी बरीच कमी होईल.

नाराजी येणारच, कारण केबलच्या रिमोटवर त्यांना नंबर पाठ असतात आणि ॲपमध्ये आधी प्रोफाइल, मग शोधा, मग अपडेट. आमच्याकडे टीव्हीच्या पहिल्या पानावर मी दोनच चौकोन ठेवले, मालिकेचं ॲप आणि यूट्यूब. सिनेमा शोधायचा झाला तर सासूबाई माझ्या फोनवर यूट्यूब उघडून माइकचं बटण दाबतात, मराठीत नाव बोलतात आणि मी तो फोनवरून टीव्हीवर लावते (कास्ट करते). वडिलांना कमी ऐकू येत असेल तर सबटायटलची सोय आहे का, तेही वर्गणी भरण्याआधी पाहा. सिनेमाच्या पानावर भाषा लिहिलेल्या असतात.

एखादाच सिनेमा हवा असेल तर भाड्याने घ्या. प्राइमवर भाड्याच्या सिनेमाला सुरू करायला साधारण तीस दिवस मिळतात आणि एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवावा लागतो. चौघं मिळून बघणार असाल तर हे एका थिएटरच्या तिकिटाहून पुष्कळदा स्वस्त पडतं.

नेटचं तुम्हाला फारसं बघावं लागणार नाही, एचडीसाठी पाच एमबीपीएसचा सलग वेग पुरतो. मात्र गावी गेल्यावर फोनच्या डेटावर टीव्ही लावू नका. एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत जातात, म्हणजे रोजचे दीड जीबी अर्ध्या तासात संपले.

पैसे भरताना दर वेळी आपोआप पैसे कापायची (यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाची) परवानगी दिली जाते, ती त्याच दिवशी बंद करून टाका. भरलेला महिना तसाही पूर्ण मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते, पण ती इतर मेसेजच्या गर्दीत हरवते. आमचे एकदा असेच बंद करायच्या ॲपचे पैसे गेले. तेव्हापासून कालनिर्णयावर सुरू केल्याची आणि संपण्याची, दोन्ही तारखा लिहिते.

आणि केबल लगेच कापू नका. एक महिना रिचार्ज न करता बॉक्स तसाच राहू द्या. त्या महिन्यात आईंनी बातम्या आणि दूरदर्शनची आठवण काढली तर डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत डिश बसवा. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही. सह्याद्री लागतं आणि भारताचे बरेचसे क्रिकेट सामनेही डीडी स्पोर्ट्सवर येतात. आम्ही तेच केलं. महिना निभला तर बॉक्स परत करून पावती घ्या, डिपॉझिट भरलेलं असेल तर तेही मागा.