आठवडे बाजाराचे शिक्षण वाफ्यापासून

प्रश्न : पुरंदर तालुक्यातील आमच्या गावात अल्पभूधारक शेतकऱ्यांचा गट आहे. पुण्यातील शेतकरी आठवडे बाजारात आम्ही भाजी विकतो. परंतु संध्याकाळी माल उरतो आणि हाती फारसे काही लागत नाही. गटासाठी प्रशिक्षण घ्यायचे ठरले आहे. त्यात नेमके काय शिकवावे?

उत्तर : 2016 मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्यानंतर थेट विक्रीला मोठी चालना मिळाली. मात्र गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, घेऊन घरी परतणाऱ्या शेतकऱ्याला दर ठरवणे, माल मांडणे, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि उरलेल्या मालाचे काय करायचे ते पाहणे, ही कामे त्यापूर्वी कधी करावी लागली नव्हती, आणि बहुतेकांना ती कोणी शिकवलीही नाहीत. त्यामुळे आपल्या गटाची अडचण ही मेहनतीतली उणीव मुळीच नाही.

अशा प्रशिक्षणांत पॅकिंग आणि ब्रँड यांवर भर देण्याची पद्धत आहे. माझ्या मते सुरुवात हिशेबाच्या वहीने करावी. समजा, एका शेतकऱ्याने मेथीच्या 150 जुड्या आणल्या. 90 जुड्या 20 रुपयांनी गेल्या, उशिरा 30 जुड्या 10 रुपयांनी काढाव्या लागल्या आणि 30 उरल्या. गल्ल्यात 2100 रुपये दिसतात. पण टेम्पोच्या भाड्यातील वाटा 500, गाळ्याचे शुल्क व पिशव्या यांचे 150 आणि दोघांची दिवसभराची मजुरी 800 रुपये धरली, तर 650 रुपये उरतात, आणि त्यातून बियाणे, खत व खुडणी यांचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. आपली आणि घरच्या माणसांची मजुरी न धरण्याची सवय सार्वत्रिक आहे, म्हणून ती वहीत लिहिण्याचा आग्रह धरावा. चार बाजारांच्या नोंदी समोर ठेवल्या की शेतकऱ्याला स्वतःलाच उमगते की टेम्पो, गाळा आणि माणसे यांचा खर्च एका भाजीला जेवढा येतो जवळजवळ तेवढाच आठ भाज्यांना येतो.

यातूनच पुढचा धडा निघतो आणि तो शेतात शिकवायचा आहे. गटातील सर्वांनी एकाच वेळी मेथी पेरली, तर गाळ्यावर मेथीचा ढीग पडणारच. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते. तेव्हा आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे वाफे टाकावेत, कोणी कोथिंबीर, कोणी वांगी-गवार, हंगामात कोणी मटार असे वाटून घ्यावे आणि तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक गाळा चालवावा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोघांच्या कुटुंबाला मोठी जुडी संपत नाही. लहान जुडी, पाव किलोचे माप, सोबत कढीपत्ता आणि आले असे मिळाले, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येते.

काढणीनंतरची हाताळणी प्रत्यक्ष दाखवावी. दाबून भरलेल्या गोणीच्या मध्यभागी हात घालायला सांगा. तिथल्या जुड्या गरम लागतात. खुडलेली पालेभाजी श्वसन करतच असते, आतली ऊब कोंडते आणि पाने पिवळी पडू लागतात. म्हणून खुडणी उन्हाच्या वेळी न करता पहाटे करावी, जुड्या क्रेटमध्ये सैल लावाव्यात आणि वर ओले गोणपाट टाकावे.

दराबाबत थोडक्यात सांगतो. मार्केट यार्डातील त्या दिवसाचा घाऊक दर आणि जवळच्या मंडईतील किरकोळ दर पाहून मधला दर ठरवावा व तो पाटीवर लिहावा. शेवटच्या तासात दर पाडण्याची सवय लागली, तर नेहमीचे गिऱ्हाईकही त्या तासाची वाट पाहू लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी.

मार्गदर्शनासाठी बारामती व नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे आहेत, आणि सुगीपश्चात हाताळणीसाठी तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. तरीही नव्या सभासदाला जाणत्या विक्रेत्याशेजारी काही बाजार उभे करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आलेल्या माणसाला भाव सांगताना आवाज कसा ठेवावा, हे सभागृहात बसून येत नाही.

प्रश्न : मुळशीतील आमचा महिला बचत गट रासायनिक खते व औषधे न वापरता भाजी पिकवतो. गाळ्यावर ‘सेंद्रिय’ असा फलक लावावा का?

उत्तर : थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना नियमांत सवलत आहे, तरी प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय मालाचे अधिकृत बोधचिन्ह वापरता येत नाही. तूर्त आपण काय करता तेच फलकावर लिहावे : शेणखत, जीवामृत, निंबोळी अर्क. ‘कीड पडली तर काय फवारता?’ असे ग्राहक हमखास विचारतात आणि त्याचे उत्तर गाळ्यावरच्या प्रत्येक ताईला खरे व नेमके देता आले पाहिजे. प्रमाणपत्रासाठी पीजीएस-इंडिया ही पद्धत आपल्याला परवडेल. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट असतो आणि सभासद एकमेकींच्या शेताची तपासणी करतात. त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजनेच्या अधिकाऱ्यांना भेटावे आणि जाताना प्रत्येकीच्या शेताचा सातबारा सोबत न्यावा.