एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम कसा बसवावा?

तुमचा प्रश्न असा: बेळगावकडे दोन वर्षांची एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजी सुरू करायची, प्रवेश फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही पदवीधरांना, तर क्रेडिट्स विभागांत कशी वाटायची?

वाटायला बसूच नका. प्रत्येक विभागाने आपापले पेपर उचलले की क्वांटम दोनदा शिकवलं जातं आणि पीएच (द्रावणाची आम्लता) कुणीच शिकवत नाही. पहिल्या सेमिस्टरच्या २० क्रेडिट्सपैकी ४ ब्रिजला, म्हणजे कच्चा पाया भरून काढणाऱ्या पेपरला ठेवा, पण ज्याचं जे कच्चं तेच त्याला: बायोलॉजीवाल्यांना गणित, फिजिक्सवाल्यांना द्रावणं आणि पेशी. सगळ्यांना एकच ब्रिज दिला तर अर्धा वर्ग पेंगतो.

मग सगळ्या लॅबमधून फिरेल असा एक नमुना ठरवा. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या बॉयलरची राख मुबलक. तिच्यातून सिलिका काढायला लावा. राख सौम्य आम्लाने धुवायची, ६०० अंश सेल्सिअसला भाजून उरलेला कोळसा जाळायचा, २ मोलर कॉस्टिक सोड्यामध्ये तासभर उकळून गाळायची. गाळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत, पीएच ७ येईतो. जेल रात्रभर ठेवून डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरं यायचं थांबेपर्यंत. इथे कंटाळा केला की एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याची चाचणी) ३१.७ अंशांच्या कोनावर मिठाचं शिखर येतं आणि पोरं ‘क्रिस्टलाइन नॅनोसिलिका’ म्हणून रिपोर्ट लिहून मोकळी!

खरी सिलिका अस्फटिक. २२ अंशांजवळ नुसता रुंद फुगवटा. त्याला शेररचं सूत्र (शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढण्याचं) लावूच नये, ते झिंक ऑक्साइडवर शिकवा. ३६.२५ अंशांवरच्या शिखराची रुंदी ०.४ अंश असेल तर आकार साधारण २१ नॅनोमीटर. रुंदी रेडियनमध्ये न बदलता घातली तर ०.३६ येतो, म्हणजे जेमतेम युनिट सेलएवढा (स्फटिकातला सगळ्यात लहान, पुन्हापुन्हा येणारा घटक). ही चूक हमखास होते. यंत्राची स्वतःची रुंदीही आधी वजा करायला हवी.

बायोलॉजीच्या लॅबमध्ये तीच पावडर कल्चर मीडियात टाकली की क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटतात. म्हणून डीएलएस (प्रकाश विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणं) पाण्यात आणि मीडियात, दोन्हीकडे. कोरडी पावडर तोलताना पंखा बंद, मास्क तोंडावर.

मफल फर्नेस (भाजायची बंद भट्टी), सेंट्रीफ्यूज, यूव्ही-व्हिज (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) स्वतःचं घ्या. एक्सआरडी, टीईएमसाठी (कण दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ गाठून बघा, कुठे काय आहे ते आधी विचारा; तिसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्याच महिन्यात नंबर लावा, शुल्क बजेटमध्ये धरा. आणि जर्नल (प्रयोगवही) एकच, पण तपासणारे दोन, वेगवेगळ्या विभागांतले.