सिंगापुरात पहिल्यांदा लाक्सा खाणार असाल तर

हे बघ, स्वस्तात चांगला लाक्सा, म्हणजे मसालेदार रस्स्यातल्या तांदळाच्या शेवया, हवा असेल तर मॉलमधल्या रेस्टॉरंटच्या नादी लागू नकोस, सरळ हॉकर सेंटर (एका छपराखाली बरेच खाण्याचे स्टॉल असतात ते) नाहीतर साधं कॉफीशॉप गाठ, तिथेही असे स्टॉल असतात. जालान बेरसेह रस्त्यावरचा 'सुंगेई रोड लाक्सा' नावाचा स्टॉल बघ, तिथे रस्सा अजून कोळशावर गरम ठेवतात आणि वाटी छोटी असली तरी दाम खरंच कमी. शहराच्या पूर्वेकडच्या कातोंग भागात गेलास तर शेवया कापूनच देतात, चॉपस्टिक लागतच नाहीत, नुसत्या चमच्याने खायचं, नवख्या माणसाला तेच सोपं जातं.

खरी चव रस्स्यात आहे, नारळाचं दूध तर आहेच पण त्याखाली वाटलेला मसाला असतो, सुकी मिरची, गवती चहा, गलांगल (आल्यासारखं मूळ), बेलाचान (आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट) आणि सुकी कोळंबी म्हणजे आपले सोडेच, म्हणून तळाशी जरा रवाळ लागतं, ते टाकू नकोस. सांबाल, म्हणजे मिरचीची तिखट चटणी, आधी बाजूला ठेव, अर्धी वाटी तशीच खा, मग थोडं थोडं मिसळ. शिंपले अर्धेकच्चे असतात, पोट नाजूक असेल तर नको म्हणून सांग, सगळे ऐकतात. आणि शाकाहारी असशील तर नुसतं कोळंबी काढून द्या म्हणून भागत नाही हां, रस्सा वाटणातच मासळीचा आहे.

मलेशियातल्या पेनांगचा आसाम लाक्सा वेगळा, तो चिंचेचा आंबट, माशाचा, त्यात नारळाचं दूध नसतं, तेव्हा ऑर्डर करताना बघून घे. सुटे डॉलर जवळ ठेव, आणि खाऊन झालं की ट्रे स्वतः उचलून ठेव, 2021 पासून सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये ते सक्तीचं आहे.