घरात झोपता कुठे?

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत अठरा वर्षं काढली, आता दादरला स्वतःची बसायची जागा आहे. तरी 'म्हणजे तुम्ही डॉक्टर?' हा प्रश्न काही सुटत नाही. डॉक्टर नाही, औषध लिहून देत नाही. क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे बोलून आणि घरची परिस्थिती बघून मनाच्या त्रासावर काम करणारी. या वेळची पत्रं बहुतेक त्याबद्दलच आहेत.

मी टी.वाय.ला आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करून थेरपीत जायचंय. बाबा म्हणतात, समाजसेवा रिटायर झाल्यावर करायची असते. (डोंबिवली)

बाबांना सांग, समाजकार्याचं रीतसर शिक्षण मुंबईत १९३६ पासून मिळतंय. तेव्हा त्या संस्थेचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क होतं, आज तिलाच देवनारची 'टिस' म्हणतात. चर्चगेटकडचं निर्मला निकेतन १९५५ चं. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं. त्यातलं फील्डवर्क कंटाळून उरकू नकोस, पुढे तेच उपयोगी पडतं. सायकियाट्रिक सोशल वर्कमधला एम.फिल. घ्यायचा विचार असेल तर आधी संस्थेत चौकशी कर, कारण यूजीसीने एम.फिल. बंद करायचं ठरवल्यापासून त्यात बदल होतायत. अलाइड हेल्थकेअरच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या इतर पेशांच्या, २०२१ च्या कायद्यात आपला पेशा आला आहे. पगार मात्र सुरुवातीला तुझ्या आयटीतल्या मैत्रिणीला सांगण्यासारखा नसेल. आणि पदवी हातात पडली की लगेच पाटी लावू नकोस. आधी काही वर्षं कुणा सीनियरच्या हाताखाली काम कर.

माझी पत्नी ज्या बाईंकडे जाते त्या सोशल वर्कर आहेत. त्या भाडं किती, झोपता कुठे, पाणी कधी येतं असलं विचारतात. मनाचं सोडून या चौकश्या कशाला? (लालबाग)

कारण मन त्याच घरात राहतं. एक जुनी केस सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. एकवीस वर्षांचा मुलगा, झोप नाही, चिडचिड, कामावर खाडे. डॉक्टरांनी गोळी दिली, मग वाढवली. केस पेपरवर 'फरक नाही' असा शेरा पडत राहिला. शेवटी मी घरी गेले. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. मला बसायला जागा व्हावी म्हणून आईने सिलिंडर दाराकडे सरकवला. मुलगा झोपायचा मोरीच्या कडेला. पहाटे पाणी भरायची वेळ झाली की त्याला उठवायचे, आणि वडील सेकंड शिफ्ट करून रात्री एकला आले की त्याला ओलांडूनच आत यायचे. झोप न लागणं हा त्याचा आजार कमी, पत्ता जास्त होता.

शेजारच्या गल्लीतल्या आत्याकडे रात्री झोपायची सोय झाली. त्यासाठी आत्याशी दोन वर्षं तुटलेलं बोलणं आधी जोडावं लागलं, आणि खरी थेरपी तीच. गोळ्या डॉक्टरांनी नंतर हळूहळू कमी केल्या. सगळ्याच केसेस अशा सुटत नाहीत. काही आजारांत औषध लागतंच, तिथे आम्ही खोलीचा नकाशा काढत बसत नाही. पण तुमच्या पत्नीच्या बाई पाण्याची वेळ विचारतायत, म्हणजे त्यांना काम येतं.

मी जे सांगेन ते आईपर्यंत जाईल का? (वय २२, बोरिवली)

नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने तुला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर अपवाद, आणि तो पहिल्याच भेटीत सांगायला हवा. नाही सांगितला तर तूच विचार. घरी फोनवर बोलायला आडोसा नसेल तर प्रत्यक्ष जा. माझ्याकडच्या कितीतरी मुली जिन्यात उभ्या राहून बोलतात आणि कुणी वर आलं की 'हो हो, नोट्स पाठवते' म्हणतात. आणि रात्रीबेरात्री फारच असह्य झालं तर सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास.

तुमच्याकडून कधी चुकलंय का? (ठाणे)

चुकलंय. नवी होते तेव्हा मार खाणाऱ्या एका बाईंना पहिल्याच भेटीत म्हणाले, 'माहेरी जा.' त्या गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. माहेरी भावाचं लग्न ठरलेलं, त्यांनी तोंड दाखवू नये असं सगळ्यांचं म्हणणं. मी विचारलंच नव्हतं. माझ्या सीनियर मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, 'माहेरी खोल्या किती, ते तरी विचारायचं होतंस.' त्या बाई पुढे सहा महिने येत राहिल्या. सल्ला मात्र त्यांनी माझा पुन्हा कधी मागितला नाही. गुरुवारी येऊन बसायच्या, बोलायच्या आणि ६:१० च्या लोकलने जायच्या.