भरतीची धाव आणि वारंवारची सर्दी

पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला लागल्यापासून दोन महिन्यांत तीनदा सर्दी झाली, तेव्हा जास्त व्यायामाने प्रतिकारशक्ती घटते का, असे आपण विचारले आहे. धुळ्यात भरतीच्या मुलांबरोबर मी बरीच वर्षे मैदानावर असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ही समजूत अगदीच निराधार नाही. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात, धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी आजारी पडल्याचे सांगितले, तर तयारी करूनही शर्यतीत न उतरलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होते. मात्र ही माहिती धावपटूंच्या सांगण्यावरून घेतलेली होती, तपासणीवरून नव्हे. शिवाय कुठे ते ४२ किलोमीटर आणि कुठे आपले भरतीचे १६०० मीटर!

जोरात धावताना ॲड्रेनालिन वाढते, रक्ताचा वेग वाढतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना व प्लीहेत (पाणथरीत) थबकलेल्या पांढऱ्या पेशी, त्यातही विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी, रक्तात उतरतात. थांबल्यावर तास-दोन तासांत त्यांची संख्या धावण्यापूर्वीपेक्षाही खाली जाते, आणि यालाच पूर्वी प्रतिकारशक्तीची घसरण मानले गेले. कॅम्पबेल आणि टर्नर या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की या पेशी मेलेल्या नसतात, तर बहुतांशी फुप्फुसे, आतडे अशा ठिकाणी पहाऱ्याला गेलेल्या असतात. रावेरची वखार संध्याकाळी रिकामी दिसली म्हणून केळीची बाग वाळली, असे आपण म्हणत नाही. माल ट्रकांत भरून गेलेला असतो. साधारण दिवसभरात रक्तातील संख्या पूर्ववत होते.

उलट, १००२ प्रौढांच्या १२ आठवड्यांच्या एका पाहणीत, आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-पडशाचे दिवस क्वचित व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ४३ टक्के कमी आढळले.

मग सर्दी कशाने? आमच्या मैदानावर मी जे पाहतो ते असे: मुले रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत बसतात, साडेचारला उठतात, अर्धा कप चहावर धावतात आणि एकच बाटली सातआठ जण तोंड लावून पितात. माझा संशय धावण्यापेक्षा त्या बाटलीवर आणि चार तासांच्या झोपेवर अधिक आहे. आधी आपली बाटली वेगळी करा, झोप सात तासांवर न्या आणि महिनाभर पाहा. नुसते नाक वाहत असेल तर हलके धावणे चालते. ताप किंवा अंगदुखी असताना मात्र मैदानावर मुळीच येऊ नका, कारण विषाणूजन्य तापात दमछाक केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. छातीत दुखले किंवा धडधडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.